इंजिन आपल्याच अंगणात उतरवायचं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झालं, विजेवर बोलून झालं. जेवणाला अजून अवकाश आहे. बैठकीच्या आधी तीन-चार तालुक्यांतून एकच निरोप आला होता, की पिकअपच्या इंजिनाचं काय केलंत ते नीट सांगा. तेव्हा आता घोषणा नाहीत, कामाचं बोलू.

आमच्या गावात चार घरं मिळून एक जुनी महिंद्राची पिकअप आहे. मीटरवर तीन लाख चाळीस हजार किलोमीटर. चैत्रात तिचं इंजिन आम्ही गावातच उतरवलं आणि दुसरं बसवलं. शहरातल्या एका कार्यशाळेनं जो आकडा सांगितला होता, त्यात गाडीची निम्मी किंमत गेली असती. सावकाराकडे जायचं, गाडी विकायची, की हात काळे करायचे, एवढे तीनच रस्ते होते.

आता कोणी म्हणेल, विकून टाकायची, भाड्याची गाडी काय मिळत नाही? मिळते. पण भाड्याच्या गाडीत कापूस भरला, की तो त्या दिवशी विकावाच लागतो. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारतात. नाकारला तर भाड्याचा ड्रायव्हर परतीचं भाडं मागतो, उभं राहायचे पैसे वेगळे. मग शेतकरी काय करतो? फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला देईल त्या भावात घालून मोकळा होतो. गाडी घरची असली तर म्हणतो, चला परत, दोन दिवस उन्हात घालू. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून केंद्रापुढच्या रांगांत बैलगाडीखाली रात्री काढलेली माणसं या मंडपात बसली आहेत. परत फिरता येणं म्हणजे काय, ते त्यांना आम्ही सांगायला नको. कृषी महाविद्यालयात आम्हाला मृदाशास्त्र शिकवलं, कीडनियंत्रण शिकवलं. माल बाजारातून परत आणायची ताकद कोणत्या शास्त्रात बसते, ते मात्र कोणी शिकवलं नाही.

तर इंजिन. पहिली गोष्ट, इंजिन गेलं असं कोणी म्हटलं की लगेच मान डोलवायची नाही. कपाशीची पानं लाल पडली म्हणजे लगेच रोग म्हणून फवारा मारत सुटायचं नसतं. मॅग्नेशियम कमी आहे की तुडतुडा आहे, ते आधी पाहायचं असतं. इथंही तसंच.

धुराचा रंग पाहा. काळा धूर असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातं. एअर क्लीनर तुंबलेला असतो, नाहीतर नोझल गळतं. त्याला इंजिन बदलायची गरज नाही. पांढरा धूर, आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत जातं, म्हणजे पाणी जळतं आहे. हेड गॅस्केट पाहा. ऑईलची काडी काढा. तिच्यावर दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला, तर पाणी ऑईलमध्ये उतरलं. त्या अवस्थेत गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही, कारण पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंग खाऊन टाकतं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतं. पण तिथंही घाई नको, टर्बोचं सील गेलं तरी धूर निळाच येतो. टर्बोपासून पुढं जाणारा रबरी पाइप काढून आत ऑईल साचलं आहे का ते बघा. टर्बो बरा असेल, तर इंजिन गरम असताना ऑईल भरायचं झाकण सैल करा. खालून भसाभसा वाफारा येत असेल, झाकण थडथडत असेल, तर रिंगांजवळून दाब खाली जातो आहे. मग मात्र नोझल काढून त्या जागी कॉम्प्रेशनचा गेज लावायचा आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहायचे. तीन सारखे आणि एक फारच खाली, तर दोष त्या एका ठिकाणी आहे. कदाचित नुसता व्हॉल्व्ह असेल. चारही खाली असतील तर म्हातारपण आलं.

आमच्या भागातल्या गाड्यांना हे म्हातारपण लवकर येतं, आणि त्याचं कारण गाडीत नाही, रस्त्यात आहे. गोट्याच्या, मुरमाच्या पांदणीतून फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडी चालली की मागं धुळीचा लोट उठतो. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. एअर क्लीनरचं रबर चिरलेलं असलं, की ते कण थेट सिलिंडरमध्ये जातात आणि पॉलिश पेपरसारखं काम करतात. फिल्टर झटकून परत बसवणं ही काटकसर नव्हे. आपण तेराव्या महिन्यात इंजिन बदलायचे पैसे बाजूला ठेवतो का? नाही. मग फिल्टरचे ठेवा.

आता प्रश्न असा, की आहे तेच इंजिन उघडून बांधायचं की दुसरं आणायचं. आमचा कल बांधण्याकडे होता. आमच्या गाडीचं इंजिन २५२३ सीसीचं, साधं, चार सिलिंडरचं. लायनर, पिस्टन, रिंगा जिल्ह्याच्या गावाला मिळतात. पण बांधायचं ठरवण्याआधी आम्ही खालचा चेंबर उतरवला आणि एका बेअरिंगची टोपी खोलली. शेलच्या पाठीवर माप ठोकलेलं असतं: ०.२५, ०.५०, ०.७५. जितक्या वेळा क्रँक घासून बारीक केला, तितकं हे माप वाढत जातं. आमच्या शेलवर ०.७५ होतं. म्हणजे आधीच्या मालकांनी क्रँक घासून घासून शेवटच्या मापाला आणून ठेवला होता. जर्नलवर नखाला लागतील अशा चरा, आणि एका ठिकाणी तापून निळा डाग. पुढं घासायला जागा नाही. नवा क्रँक, लायनर, पिस्टन, हेडचं काम, ऑईल पंप, सगळी बेरीज मांडली, तेव्हा अपघातातल्या गाडीचं चालू इंजिन स्वस्त पडत होतं. तुमच्या शेलवर ०.२५ असेल, तर आमची नक्कल करू नका. बांधून घ्या.

आणि बेरजेआधी एक काम करा. पंजाखाली आडवे होऊन चासीस बघा. मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी गंजून पापुद्रे सुटत असतील, तर त्या गाडीत नवं इंजिन घालणं म्हणजे चिबाडात खत टाकणं. गाडीचं वयही बघा. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यापारी गाडीच्या फिटनेसची फी बरीच वाढवली आहे. तो खर्च बेरजेत धरला नाही, तर हिशेब कागदावरच गोड दिसतो.

जुनं इंजिन घेताना मुंबईत कुर्ल्याचा बाजार आहे, प्रत्येक मोठ्या शहरात तसली एखादी गल्ली आहे. तिथं धुऊन, रंग मारून, चकचकीत करून ठेवलेलं इंजिन बाजूला ठेवा. चिखल-तेलाचं घ्या, त्याचा इतिहास तरी दिसतो. पाना लावून क्रँक पूर्ण दोन फेरे हातानं फिरवा. कुठं अडता कामा नये. व्हॉल्व्हचं झाकण उघडून बघा. काळं, डांबरासारखं जाड साचलेलं असेल तर त्या मालकानं ऑईल कधी बदललंच नाही. आपल्या गाडीचंच मॉडेल, तीच प्रदूषणाची पायरी घ्या. देशभर बीएस-चार एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-सहा एप्रिल २०२० पासून आलं. नव्या गाडीत जुन्या पायरीचं इंजिन कायद्यात बसत नाही, आणि कॉमन रेलच्या गाडीत साध्या पंपाचं इंजिन तारांमध्येही बसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉकवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला असेल तर फुकट दिलं तरी उचलू नका. पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून काढलं तिच्या नोंदणीची नक्कल आणि ती नोंदणी रद्द झाल्याचा कागद, एवढं घेतल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत.

काम केव्हा काढायचं? शेवटची वेचणी विकून झाली, ज्वारी खळ्यातून घरात आली, आणि बी-खताच्या फेऱ्या अजून सुरू व्हायच्या आहेत, असा होळी ते अक्षय तृतीयेचा काळ. आम्हाला पाच दिवस लागले. त्यातला एक पूर्ण दिवस सायलेन्सरच्या पाइपाचे तीन नट काढण्यात गेला. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच पातळ तेल सोडून ठेवा आणि सकाळी घाई करू नका. बोल्ट तुटला की ड्रिल, आणि ड्रिल म्हणजे तालुक्याला फेरी.

गाडी उभी करायची ती सिमेंटवर किंवा ठोकलेल्या मुरमावर, काळ्या मातीवर नाही. चाकांना दगड लावा. बॅटरीची उणे तार आधी काढा. पाणी आणि ऑईल वेगवेगळ्या डब्यांत काढा. कूलंट गोडसर असतं आणि विषारी असतं. वासरू, कुत्रं चाटून मरतं, तेव्हा डब्याला झाकण. जळकं ऑईल पुष्कळ जण बैलाच्या खांद्याला लावतात. कृपा करून लावू नका, त्यात इंजिनातली झिजलेली धातू असते. विहिरीच्या काठी तर ओतूच नका. भंगारवाला ते विकत नेतो.

बॉनेट काढताना बिजागरीभोवती खडूनं रेघ मारा, नाहीतर परत बसवताना दोन तास जातात. रेडिएटर, पंखा, हवेचे पाइप निघाले की तारांची पाळी. इथं आमच्या घरच्या बायकांनी जे केलं, ते कोणत्याही गॅरेजात आम्ही पाहिलं नाही. जुन्या लुगड्याच्या दोन-दोन रंगांच्या चिंध्या, एक तारेला आणि तसलीच एक ती जिथून निघाली तिथं. लाल ते लाल, हिरवं ते हिरवं. नट-बोल्ट जर्मनच्या ताटल्यांत, प्रत्येक ताटलीत कागदाची चिठ्ठी. मोबाईलवर फोटो काढले होते, पण काळ्या तेलकट इंजिनाच्या फोटोत सगळ्या तारा सारख्याच दिसतात. कामाला आल्या त्या चिंध्या. डिझेलच्या नळ्यांची तोंडं स्वच्छ फडक्यानं बांधा. धुळीचा एक कण पंपात गेला तर पंप खराब होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप नळ्यांसकट सोडून बाजूला बांधून ठेवा. ते तेल सांडायची गरज नाही.

आता उचलणं. इथं सगळ्यांनी कान द्या, कारण माणूस मरतो तो इथं.

इंजिनाचं वजन दोनशे किलोच्या वर. निंबाच्या फांदीला, गोठ्याच्या आढ्याला, दोन वासे बांधून केलेल्या मांडवाला हे वजन टांगायचं नाही. मोटेचा जुना नाडा किंवा नायलॉनची दोरी वापरायची नाही. विहिरीतली मोटार काढायला जी तीन पायांची लोखंडी घोडी आणि चेन पुली असते, ती घ्या. पुली किमान एक टनाची, आणि तिचा ब्रेक आधी दगडाचं पोतं टांगून तपासा. घोडीचा एक पाय गाडीच्या नाकासमोर, दोन पाय दोन बाजूंना. पायांखाली फळ्या, आणि तिन्ही पाय खालून साखळीनं एकमेकांना बांधा, म्हणजे ते पसरणार नाहीत. इंजिन वर आलं की घोडी हलवायची नाही. गाडी मागं ढकलायची. त्यासाठीच दोन पाय बाजूला.

इंजिन निघालं की गिअरबॉक्सचं नाक खाली पडतं. खालून जॅक लावला तर गाडी मागं ढकलताना जॅक जागेवर राहतो. म्हणून चासीसच्या दोन पट्ट्यांवर आडवं लाकूड टाकून गिअरबॉक्स त्याला साखळीनं बांधला. मग बेल हाउसिंगचे बोल्ट, मग फाउंडेशनचे रबर. साखळी इंजिनाला ज्या उचलायच्या कड्या असतात त्यांनाच. झाकणाला, मॅनिफोल्डला नाही. इंजिन सरळ पुढं ओढा. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत वर उचलू नका, नाहीतर सगळं वजन शाफ्टवर येतं आणि क्लच प्लेट वाकते. दोन इंच उचलून थांबा. पाच मिनिटं विडी-तंबाखूची सुटी घ्या, तीही लांब जाऊन. साखळी सरकली नाही, पाय रुतले नाहीत, अशी खात्री झाली की पुढं. टांगलेल्या इंजिनाखाली हात नाही, डोकं नाही, पोरं तर अंगणातच नकोत. आमच्याकडे पुलीवर एक माणूस, त्याला हुकूम देणारा एकच माणूस, बाकी सगळ्यांची तोंडं बंद. गावात सगळ्यात अवघड काम हेच निघालं.

इंजिन खाली असताना जे स्वस्तात बदलता येतं ते बदलून घ्या: क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, पाण्याचा पंप, होज, फाउंडेशनचे रबर. पन्नास रुपये वाचवायला मागचं सील जुनं ठेवाल, तर ते गळायला लागल्यावर हीच घोडी परत उभी करावी लागेल. रेडिएटर उलट्या पाण्यानं धुऊन घ्या.

बसवताना क्लच प्लेट मधोमध आली पाहिजे. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर सुताराकडून त्या मापाची लाकडी दांडी करून घ्या. इंजिन आणि बेल हाउसिंग हातानं ढकलून चिकटले पाहिजेत. बोटभर फट राहिली म्हणून बोल्टनं आवळून ओढायला जाऊ नका, हाउसिंगचा कान तुटतो. गाडी गिअरमध्ये घालून क्रँक थोडा फिरवा, शाफ्टचे दाते जुळले की आपोआप आत जातं.

चालू करण्याआधी ऑईल भरा, टर्बोच्या ऑईलच्या नळीत थोडं ऑईल ओता. डिझेल बंद ठेवून, चालू न होऊ देता, ऑईलचा दिवा विझेपर्यंत थोडा-थोडा सेल्फ मारा. नंतर हातपंपानं हवा काढा. साध्या पंपाच्या इंजिनात नोझलचा नट सैल करून हवा काढतात, ते सगळ्यांना येतं. कॉमन रेलच्या इंजिनात हे कदापि करू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टोचल्याएवढी दिसते आणि बोट कापावं लागतं. तसं झालं तर घरगुती औषध नाही, त्याच तासाला दवाखाना. आणि हवा घेण्याच्या तोंडापाशी एक माणूस जाड सपाट फळी घेऊन उभा ठेवा. जुनं इंजिन कधी-कधी स्वतःचंच ऑईल ओढून बेफाम पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. मग हवेचं तोंड फळीनं दाबायचं. हातानं नाही, फडक्यानं नाही. रेतीची बादली शेजारी असू द्या.

आमचं इंजिन तिसऱ्या सेल्फला बोललं.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. गाडीचं इंजिन बदललं की चौदा दिवसांच्या आत आपल्या भागातल्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, सोबत नोंदणीचं पुस्तक आणि फी. परवानगीचा अर्ज आधीच करून ठेवलात तर उत्तम, कारण नंतर तुमच्याकडेच बोट दाखवतात. याच कलमात आणखी एक गंमत आहे. ज्याच्याकडे दहा किंवा जास्त व्यापारी गाड्या आहेत, त्याला त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आधी न विचारता बदलायची मुभा राज्य सरकार अधिसूचना काढून देऊ शकतं. म्हणजे दहा ट्रकच्या शेठवर सरकारचा भरवसा बसू शकतो. चार घरांत मिळून एक पिकअप असलेल्या शेतकऱ्यासाठी तसला शब्द कायद्यात नाही. त्याचं इंजिन तेच, पाना तोच, पण नियत संशयाची. या कलमाबद्दल ठराव आजच्या कागदांत आहे, दुपारी वाचून दाखवू.

ठराव मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर चौदा दिवस पाळा. विमा कंपनीलाही नवा इंजिन नंबर लेखी कळवा आणि पोच घ्या. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर कंपनीला नाही म्हणायला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

पहिले पाचशे किलोमीटर आम्ही अर्ध्या वजनावर चालवली, मग ऑईल आणि फिल्टर बदलले, सगळे बोल्ट पुन्हा पाहिले. दसऱ्यापासून ती कापूस वाहते आहे. एका फेरीत माल केंद्रावरून परतही आणला, चार दिवसांनी पुन्हा नेला आणि घेतला गेला.

घोडी, दोन टनाची पुली आणि शाफ्टच्या मापाची ती लाकडी दांडी आमच्याकडे आहे. ज्या तालुक्याला लागेल त्यांनी जेवणाच्या सुटीत नाव लिहून द्यावं. नेण्या-आणण्याचं डिझेल ज्याचं काम त्याचं. पुली परत देताना साखळी तेल लावून द्या.